व्यंग की व्यंग्य?

विनोदी वाङ्मयाची चर्चा चालली असता तीत राजकीय व्यंगचित्रांचा विषय कोणी काढला, म्हणजे आमच्या विद्वान मंडळींच्या चर्येवर एक प्रकारचे क्षमाशील स्मित उमटते. पाहुण्यांची पंक्ती बसली असता घरातल्या लहान मुलाने मध्येच काही विचारावे आणि वडीलधाऱ्यांनी "बरं बरं, जा खेळायला" म्हणून त्याची बोळवण करावी, तसा हा प्रकार असतो.

मागे एका साहित्यचर्चेत हेच घडले. व्याख्याते वाङ्मयेतिहासाचे गाढे व्यासंगी आणि आमचे तीस वर्षांचे स्नेही. विषय पारतंत्र्यकाळातील उपरोधपर लेखनाचा. शिवरामपंत परांजप्यांच्या 'काळा'तील वक्रोक्तीचे त्यांनी जे मार्मिक विवेचन केले, ते ऐकून आम्हीही मान डोलावली. शेवटी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने उठून विचारले, की त्याच काळात त्याच सरकारवर जी चित्रे छापली जात होती, त्यांचे काय? आमच्या स्नेह्यांनी तीन वाक्यांत तिचे समाधान केले. चित्र हे वाङ्मय नव्हे. ही कला विलायतेहून आणलेली उसनवारी होय. आणि तिसरे असे, की इंग्रज सरकारला हसणे ठाऊक होते, त्याने ही चित्रे हसून सोडून दिली, सबब त्यांनी फारसे काही साधले असे म्हणता येत नाही. सभेने टाळ्या दिल्या. आम्ही त्या वेळी बोललो नाही. अध्यक्षांची घंटा वाजली होती. शिवाय स्नेह्याला भरसभेत खोडून काढण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, हेही कबूल केले पाहिजे. तो कमकुवतपणा येथे भरून काढावयाचा आहे.

आमच्या मते ह्या सगळ्या गैरसमजाचे बीज एका अक्षरात आहे. मराठीत आपण 'व्यंगचित्र' असे लिहितो. व्यंग म्हणजे उणीव, खोड, शरीराचा बेडौलपणा. कोणाच्या व्यंगावर बोट ठेवणे हे सभ्यपणाचे लक्षण नव्हे, असे आपण मुलांना शिकवितो. तेव्हा व्यंगचित्र म्हणजे ज्याचे नाक लांब त्याचे अधिक लांब, ज्याचे पोट सुटलेले त्याचे नगाऱ्याएवढे काढणे, अशी समजूत सहजच होते. हिंदी भाषा बोलणारे आपले बंधू त्याच शब्दात एक 'य' अधिक घालतात आणि 'व्यंग्यचित्र' म्हणतात. व्यंग्य म्हणजे वाच्यार्थाच्या पलीकडे सूचित होणारा अर्थ. ज्याला आनंदवर्धनाने काव्याचा आत्मा मानले, ते. एक 'य' गळाला आणि काव्याच्या आत्म्याचे नाक झाले! गंमत अशी, की मम्मटाने ज्या काव्यात व्यंग्यार्थ नाही त्यालाच 'चित्र' हे नाव देऊन तिसऱ्या, म्हणजे कनिष्ठ प्रतीत ढकलले आहे. त्याच्या परिभाषेत 'व्यंग्यचित्र' हा वदतोव्याघातच ठरावा. आमचे स्नेही मूळचे संस्कृतज्ञ. चित्राविषयीची अढी त्यांच्या मनात तेथूनच तर बसली नसेल ना, अशी आम्हांस शंका येते. रूढ झालेला शब्द बदला, असा आमचा आग्रह नाही. परंतु शब्दातले गळलेले अक्षर समजुतीतूनही गळू नये, एवढे म्हणण्याचा आम्हांस अधिकार आहे.

व्यंग कोठे संपते आणि व्यंग्य कोठे सुरू होते, ह्याचे एक उदाहरण देतो. ते साहेबाच्या घरचेच आहे. सन १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी देण्याचा कायदा डिझरायली ह्या मुख्य प्रधानाने पार्लमेंटात आणला. त्या वर्षीच्या एप्रिलात लंडनच्या 'पंच' पत्रात जॉन टेनिएलने (ॲलिसच्या अद्भुत सफरीची चित्रे काढणारा तो हाच) एक चित्र काढले. डिझरायली हा अलाउद्दिनाच्या गोष्टीतला कपटी जादूगार झाला आहे, आणि राणीला जुना मुकुट घेऊन त्याच्या बदल्यात नवा देऊ करीत आहे. डिझरायलीचे नाक त्या चित्रात आहेच, आणि ते नाक यहुदी कुळातील माणसाचे म्हणून मुद्दाम काढलेले आहे; तेवढा भाग व्यंगाचा, आणि तो हलकाच. पण अरबी गोष्ट ज्याला आठवते त्याला हेही आठवेल, की नव्या दिव्याच्या मोहाने जो जुना दिवा देऊन टाकला गेला, जादू त्यातच होती. म्हणजे इंग्लंडचा पिढीजाद मुकुट हा खरा, आणि हिंदुस्थानचा मुकुट ही जादूगाराच्या हातातली चकाकणारी नवी वस्तू. हे चित्रात कोठेही लिहिलेले नाही. ते वाचकाच्या मनात घडते. आम्हा हिंदी वाचकांना त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती टेनिएलच्याही स्वप्नात नसेल. वीस-पंचवीस कोटी माणसांचा देश त्या चित्रात कोठे आहे म्हणाल, तर सौदेबाजाच्या हातातल्या दागिन्यात. ह्या व्यापाराला व्यंजना म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे?

आमच्या स्नेह्यांना जे कळले नाही, ते इंग्रज सरकारच्या कायदेपंडितांना पुरते कळले होते, हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो. पण वस्तुस्थिती तशी आहे. राजद्रोहाचे १२४ अ हे कलम १८७० साली दंडविधानात घातले गेले. त्यात बोललेल्या व लिहिलेल्या शब्दांच्या जोडीला खुणा आणि डोळ्यांना दिसेल असे कोणतेही चित्रण, ह्यांचा नाव घेऊन समावेश होता. पुढे १९१० चा छापखान्यांचा कायदा आला. त्यातील 'दस्तऐवज' ह्या शब्दाच्या व्याख्येत रंगविलेली व रेखाटलेली चित्रे आणि फोटोग्राफ मुद्दाम घातले होते. त्याचे चौथे कलम तर साहित्याच्या प्रत्येक अध्यापकाने एकदा तरी वाचावे. शब्द, खूण किंवा चित्र ह्यांनी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने, अनुमानाने, सूचनेने, आडवळणाच्या उल्लेखाने, रूपकाने, गर्भितार्थाने अथवा अन्य कोणत्याही प्रकाराने अप्रीति उत्पन्न होण्याचा संभव असेल, तर छापखान्याची अनामत जप्त! राजद्रोह हुडकण्यासाठी निघालेले सरकार अलंकारशास्त्राचा सबंध अध्यायच लिहून बसले. लक्षणा, व्यंजना, अन्योक्ति, रूपक, काही म्हणून सुटले नाही. आणि शब्द व चित्र ह्यांत त्याने तिळमात्र भेद केला नाही. १९१३ साली महंमद अली यांच्या एका पत्रकाच्या प्रकरणी कलकत्ता हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी ह्या कलमाची भाषा मानवी बुद्धीला करता येईल तितकी व्यापक केलेली आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले, ते उगीच नव्हे.

हे सरकार व्यंग्यार्थ किती बारकाईने वाचीत असे, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. त्यात ना कर्झनसाहेबाचे नाव, ना कलकत्त्याचे. तरी कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, धर्मराज म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल, हा उलगडा साहेबांच्या वृत्तपत्राने केला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. 'लेकी बोले सुने लागे' ही आपली म्हण; पण ती कलेक्टरकचेरीत इतकी चांगली समजत होती, हे आपल्या टीकाकारांच्या ध्यानात येत नाही. 'काळ'कारांची वक्रोक्ति शब्दांत होती म्हणून ती वाङ्मय, आणि तीच रेषेत उतरली म्हणजे पोरखेळ, हा न्याय कोणता?

चित्राची ही धास्ती इंग्रजांपुरतीच होती असेही नाही. फ्रान्समध्ये ती पाऊणशे वर्षे आधी प्रकट झाली होती. लुई फिलिप राजाचे तोंड हळूहळू नासपतीच्या फळासारखे होत जाते, हे फिलिपाँ ह्या संपादकाने १८३१ साली भर न्यायासनासमोर रेखाटून दाखविले, आणि विचारले, की ह्यातल्या कितव्या आकृतीपासून गुन्हा धरावयाचा? त्याचाच सहकारी दोमिये ह्याने राजाला प्रजेचे धन गिळणारा राक्षस करून काढले, त्याबद्दल त्याला १८३२ साली तुरुंग पाहावा लागला. शेवटी सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने असे ठरले, की लेख छापण्यास पूर्वपरवानगी नको, चित्र छापण्यास मात्र ती हवी. लेख वाचणारे थोडे, आणि चित्र पाहावयास अक्षरओळख लागत नाही. राज्यकर्त्यांचा हिशेब सरळ होता.

येथे कोणी म्हणेल, सरकारने बंदी घातली म्हणजे वाङ्मय सिद्ध झाले काय? मग बाँब करण्याच्या कृतीची पत्रकेही वाङ्मयच म्हणावी लागतील! आक्षेप रास्त आहे. बंदी हे आमच्या लेखी गुणाचे प्रमाणपत्र नव्हे. आमचे म्हणणे एवढेच, की चित्राने अर्थ कसा सांगितला जातो, तो शब्दाने सांगितल्या जाणाऱ्या अर्थाहून जातीने निराळा नाही, हे त्या कायद्याने मान्य केले होते. गुणाचा निवाडा चित्रापुढे बसूनच करावा लागेल, तेव्हा एका चित्रापुढे बसू या.

कलकत्त्यात १८७४ साली 'वसंतक' नावाचे बंगाली पत्र निघाले. संपादक प्राणनाथ दत्त, चित्रकार गिरींद्रकुमार दत्त. पत्र जेमतेम दोन वर्षे जगले असेल. त्याचा रोख व्हाइसरॉयापेक्षाही कलकत्त्याच्या म्युनिसिपालिटीवर अधिक होता, आणि ही गोष्ट आम्हांस विशेष मार्मिक वाटते. कारण परक्या राज्याचा हात रयतेच्या दारापर्यंत पोहोचतो तो व्हाइसरॉयाच्या फर्मानाने नव्हे, तर घरपट्टी, गटार आणि मंडई ह्यांच्या वाटेने. त्या म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष होते सर स्टुअर्ट हॉग. तेच शहराचे पोलीस कमिशनरही होते. साहेबलोकांसाठी प्रशस्त नवी मंडई बांधण्याचा त्यांचा खटाटोप होता, आणि ती १८७४ च्या १ जानेवारीस उघडली. 'वसंतका'ने ह्या हॉगसाहेबांना वराहावतार करून दाखविले.

आता ह्या चित्रात किती गोष्टी एकवटल्या आहेत पाहा. इंग्रजीत 'हॉग' म्हणजे डुक्कर. तेव्हा पहिला श्लेष इंग्रजी जाणणाऱ्यालाच कळणार. पण नुसते डुक्कर काढले असते तर ती शिमग्यातली शिवी झाली असती, आणि आम्ही तिच्याबद्दल चार ओळीही लिहिल्या नसत्या. डुकराचा वराह झाला, म्हणजे देव झाला! चित्राचा अर्धा अर्थ म्हणजे स्तुती. वराहाने पाण्यात बुडालेली पृथ्वी दातावर उचलून धरली; आणि ह्या नव्या अवताराकडे काम कोणते, तर शहराची गटारे उपसण्याचे. ज्याच्या हाती झाडू आणि दंडुका दोन्ही आहेत, जो कर बसवितो आणि न देणाऱ्याला पकडतोही, त्याला परमेश्वरच म्हणावयाचे, नाही तर काय? पुराण जाणणाऱ्या आजीला अर्धे चित्र कळेल, इंग्रजी शिकलेल्या नातवाला दुसरे अर्धे. दोघे एका घरात बसून हसली म्हणजेच चित्र पुरे झाले. निंदेच्या पोटी स्तुती आणि स्तुतीच्या पोटी निंदा ह्या अलंकाराला व्याजस्तुति म्हणतात, हे आमच्या स्नेह्यांनी शेकडो विद्यार्थ्यांना शिकविले आहे. दोन भाषांत एकदम साधलेल्या व्याजस्तुतीचे उदाहरण त्यांच्या टिपणांत आहे काय?

हेच चित्र दुसऱ्या आक्षेपालाही उत्तर देते. ही कला विलायतेहून आली, हे खरे. पण मग कादंबरी कोठून आली? निबंध कोठून आला? ज्या मासिकात आम्ही हे लिहीत आहो त्याचा घाट तरी आळंदी-देहूचा आहे काय? लंडनचे 'पंच' १८४१ चे. त्याने आपल्या उपनावातच पॅरिसच्या 'शारिवारी' पत्राचे ऋण मान्य केले होते, आणि पंच हे कुबडे बाहुलेही मूळ इटालीतून इंग्लंडात आलेले. उसनवारी हा आक्षेप धरावयाचा, तर साहेबाच्याही हाती काही उरणार नाही. खरा प्रश्न असा, की उसन्या हत्याराचे आपल्या लोकांनी काय केले. कारण ते हत्यार आले तेव्हा त्याचे तोंड आमच्याकडेच होते. १८५७ च्या ऑगस्टात टेनिएलने इंग्लंडचा सिंह बंगालच्या वाघावर झेपावताना काढला; वाघाच्या पंजाखाली गोरी स्त्री व मूल. त्या चित्राने इंग्लंडात सूडाची लाट उसळविली. पुढे १८७२ साली गोऱ्या लोकांनी कलकत्त्यातच 'इंडियन शारिवारी' काढले, आणि इंग्रजी शिकलेला बंगाली बाबू हे त्याचे आवडते खाद्य होते. त्यानंतर दोन वर्षांनी 'वसंतक' आले. ज्याची टर उडवीत होते त्यानेच लेखणी हिसकावून घेतली आणि टर उडविणाऱ्याला पुराणात नेऊन बसविले, ह्याला नक्कल म्हणणे म्हणजे कुस्तीत उलटा डाव टाकणाऱ्याला अनुकरणखोर म्हणण्यासारखे आहे.

ह्या उसनवारीत एक दैवयोगाचा श्लेषही साधला गेला. इंग्रजी 'पंच' म्हणजे काठीने बायकोला बडविणारे बाहुले. आपल्याकडे पंच म्हणजे गावचे न्यायकर्ते. पाचामुखी परमेश्वर! मुंबईत पारशी मंडळींनी १८५४ सालीच 'पारसी पंच' काढले, त्याचेच पुढे 'हिंदी पंच' झाले. आणि त्यातल्या विलायती बाहुल्याचे 'पंचोबा' झाले. बाहुल्याला 'बा' लागला, म्हणजे तो चावडीवर बसला. लखनौला मुन्शी सज्जाद हुसेन यांचे 'अवध पंच' १८७७ साली निघाले. उर्दू छपाई शिळाछापावर होत असे. म्हणजे मजकुराची सुलेखित ओळ आणि चित्राची रेषा दोन्ही एकाच दगडावर उमटत. शब्द वाङ्मय आणि रेषा बिगर-वाङ्मय, हा भेद त्या दगडाला ठाऊक नव्हता. त्या पत्रात उपरोधपर कविता लिहिणारे अकबर इलाहाबादी हे स्वतः सरकारचे न्यायाधीश. दिवसा सरकारचा न्याय, रात्री पंचाचा!

आता तिसरा आक्षेप, आणि आमच्या मते तोच सर्वांत घातुक. कारण तो उदारपणाचा वेष घेऊन येतो. इंग्रज हसले, म्हणून चित्रे निष्फळ. ह्याच्या पुष्ट्यर्थ मुंबईच्या 'हिंदी पंचा'चे उदाहरण नेहमी देतात. बरजोरजी नवरोजी यांच्या संपादकत्वाखालील हे पत्र इंग्रजी-गुजराती. त्यातील चित्रे स्टेडसाहेब आपल्या लंडनच्या मासिकात कौतुकाने छापीत. १८८६ ते १९०१ पर्यंतच्या राष्ट्रीय सभेवरील चित्रांचा त्यांचा संग्रहही प्रसिद्ध झाला. तसेच दिल्लीच्या 'हिंदुस्थान टाइम्स'मधील शंकर यांच्या चित्रांना खुद्द लाटसाहेबांनी दाद दिली, ही हकीकतही सांगितली जाते. 'हिंदी पंच' नेमस्त होते, राजनिष्ठ होते, आणि म्हणून तुच्छ होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. साम्राज्याने दिलेली वचने त्याच्याच दारात वर्षानुवर्षे मांडून दाखविणे ह्यालाही धीर लागतो. पण त्यावरून सरकार सहनशील होते, असा निष्कर्ष काढणाऱ्याने चित्राखालची भाषा पाहावी.

लिटनसाहेबाच्या १८७८ च्या कायद्यात हे उघड दिसते. तो देशी भाषांच्या पत्रांपुरताच होता. मॅजिस्ट्रेटाने मुद्रकाकडून जातमुचलका व अनामत मागावी, आणि त्यावर न्यायकोर्टात दाद नाही! 'अमृतबझार पत्रिके'ने एका रात्रीत आपली भाषा इंग्रजी केली ती ह्याच कारणाने. तो कायदा १८८२ साली रद्द झाला, पण त्यामागची नजर राहिली. मद्रासेत १९०६ साली सुरू झालेल्या 'इंडिया' ह्या तमिळ साप्ताहिकाचे पाहा. नाव इंग्रजी, पण भाषा तमिळ. त्याच्या मुखपृष्ठावर राजकीय चित्र असे. कल्पना व मजकूर सुब्रह्मण्य भारती यांचा. १९०८ साली सरकारने त्याच्या कागदोपत्री संपादकाला राजद्रोहाखाली पकडून शिक्षा दिली. भारती फ्रेंचांच्या पाँडिचेरीस गेले, पत्रही तिकडे गेले, आणि ब्रिटिश मुलखात त्याला येऊ न दिल्यामुळे १९१० साली ते संपले. त्याच वर्षी मुंबईतल्या पंचोबाला लंडनात दाद मिळत होती. हसणारा लाटसाहेब चित्रावर हसत होता, की ते चित्र आपल्या ड्योढीवरच्या शिपायाला वाचता येणार नाही ह्या भरवशावर हसत होता, ह्याचा विचार आमच्या स्नेह्यांनी करावा.

आणि निष्फळ म्हणजे काय? चित्राने राज्य उलथले नाही. कबूल. 'काळा'तील लेखांनी तरी कोणता बुरूज पाडला? त्यांच्याकडून आपण ती अपेक्षा करीत नाही. त्यांनी वाचकाच्या मनातला साहेबाचा दरारा सैल केला, एवढे आपल्याला पुरते. हीच माफक अपेक्षा चित्राकडून का करू नये?

ह्या सगळ्यात ज्याची चित्रे आम्हांस सर्वांत अस्वस्थ करतात त्या गगनेंद्रनाथ ठाकुरांचा उल्लेख शेवटी करतो. 'विरूप वज्र' व 'अद्भुत लोक' १९१७ चे, 'नव हुल्लोड' १९२१ चे. जालियनवाला बागेनंतर पंजाबात 'शांतता' नांदू लागल्याच्या भाषेवर त्यांनी चित्र काढलेच. पण त्यांची रेषा अधिक कडू झाली ती साहेबाची टोपी घालून साहेबासारखे चालू पाहणाऱ्या आपल्याच माणसावर. परक्या राज्याची खरी कारागिरी त्यांना गव्हर्नराच्या बंगल्यात दिसली नाही. ती आमच्या आरशात दिसली. त्यांनी विश्वविद्यालयाचे एक यंत्रही काढले आहे. त्यात विद्यार्थी दाबले जातात. त्या यंत्राच्या एका चाकाशी आम्ही पस्तीस वर्षे काढली असल्यामुळे त्या चित्राविषयी अधिक लिहिणे आमच्याने होत नाही.

परंतु परक्या सरकारावर चित्र काढले म्हणजे काढणारा आपोआप निर्मळ ठरतो, असेही कोणी समजू नये. ह्याच नामांकित कुंचल्यांनी डॉ. आंबेडकरांना कसे काढले, हे पाहावयाचे असेल तर १९३२ ते १९५६ पर्यंतच्या इंग्रजी पत्रांतील चित्रांचा उन्नमती श्याम सुंदर यांनी २०१९ साली सिद्ध केलेला संग्रह पाहावा. व्हाइसरॉयाच्या बाबतीत व्यंग्य साधणारे हात तेथे वारंवार व्यंगावर उतरलेले दिसतात; कोठे माणूस खुजा काढला आहे, कोठे रुसलेले पोर. शंकर यांचे १९४९ चे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे: राज्यघटना ही गोगलगाय, तीवर चाबूक घेतलेले आंबेडकर, मागे चाबूक उगारलेले नेहरू, भोवती लोकांची गर्दी. ते अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होते. २०१२ साली त्यावरून लोकसभेत गदारोळ झाला आणि ते चित्र काढून घेण्यात आले. नेहरूंचा चाबूक गोगलगाईवर की आंबेडकरांवर, ह्यावर दोन्ही पक्ष हमरीतुमरीवर आले. आमचे मत असे, की ते चित्र पुस्तकात राहावयास हवे होते, आणि आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणेही त्याच पानावर छापावयास हवे होते. ज्यांच्या पूर्वजांच्या पाठीवर चाबूक ओढले गेले त्यांनी ती रेषा जशी वाचली, तो त्या चित्राचा खोटा अर्थ नव्हे. चित्रकाराच्या मनात नसलेला पण चित्रात असलेला तो अर्थ आहे. टेनिएलच्या मुकुटात आम्हांस हिंदुस्थान दिसला, तोही असाच. पण असे वाचन शिकवावयाचे कोणी? चित्र हे वाङ्मयच नव्हे, असे म्हणून वाङ्मयाच्या अध्यापकांनी आधीच हात झटकले होते. मग निवाडा लोकसभेतल्या आरोळ्यांनी झाला.

त्याच २०१२ साली मुंबईत एका व्यंगचित्रकाराला १२४ अ खाली अटक झाली. जे कलम व्हाइसरॉयाच्या राज्यात चित्रकारांवर टांगलेले होते, तेच! मुंबई हायकोर्टाने १२४ अ लावताना पोलिसांनी पाळावयाचे नियम पुढे २०१५ साली घालून दिले; १२४ अ चा अंमल सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या मे महिन्यात थांबविला, आणि १ जुलै २०२४ पासून जुने दंडविधानच गेले. नव्या संहितेचे १५२ वे कलम आम्ही उत्सुकतेने उघडून पाहिले. राजद्रोह हा शब्द गेला आहे. बोललेले, लिहिलेले, खुणा आणि दिसेल असे चित्रण, ही जुनी यादी जशीच्या तशी आहे. पार्लमेंट बदलले, भाषा बदलली, पण चित्रालाही जीभ असते ही दीडशे वर्षांची आठवण कायदा विसरलेला नाही.

सभेत प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी पुढे आमच्याकडे आली. तिला घेऊन आम्ही आमच्या परिचयाच्या एका जुन्या ग्रंथालयात गेलो. तेथे एका जुन्या मासिकाचे अंक वर्षवार बांधून ठेवलेले आहेत. आम्ही पाने उलटू लागलो. एका संपादकीय टिपणाच्या शेवटी कंसात छापले होते, "समोरील चित्र पाहा". समोर दुसऱ्याच लेखाचे शीर्षक होते. चौकशी करता ग्रंथपालांनी सांगितले, की चित्रांची पाने जाड कागदाची, ती बांधणीत नीट बसत ना. आणि मजकूर तर सगळा आहेच, म्हणून मागे केव्हातरी ती काढून टाकली. त्यांच्या बोलण्यात खंत नव्हती, आणि त्यांना दोष देण्याचे कारणही आम्हांस दिसले नाही. कोणा विद्वानाला विचारूनच त्यांनी ते केले असेल. विद्यार्थिनीने वही काढून त्या अंकाचा महिना व पृष्ठाचा आकडा लिहून घेतला. ती आता दर शनिवारी तेथे जाते. आजवर असे अकरा आकडे तिच्या वहीत उतरले आहेत.